दुर्री, छक्की, अठ्ठी, तिन्ही किलवर

दोन पानं पालथी, एक उताणं. किलवरची दुर्री, छक्की आणि अठ्ठी. तीन पत्ती खेळत वाढलेल्या माणसाचा हात अशी पानं पाहिली की आपोआप चिप्सकडे जातो, कारण तिथे हा तयार ‘कलर’ आहे, कुठल्याही जोडीला मारणारा. सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या प्रकारात मात्र या तीन पानांना अजून नावच नाही. फ्लश व्हायला एका रंगाची पाच पानं लागतात. इथे तीन आहेत, दोन यायची आहेत, आणि ती येईपर्यंत प्रत्येक फेरीला पैसे मोजायचे आहेत.

बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यांतले १,१४४ प्रकार एका रंगाचे. म्हणजे साधारण दर एकोणीस डावांत एकदा. तासाला तीसेक डाव होत असतील तर चार तासांच्या बैठकीत सहा वेळा हा प्रसंग येणार. एक्का-एक्का-एक्का कसाही खेळलात तरी फारसं बिघडत नाही, कारण तो वर्षातून कधीतरी येतो. हलक्या पानांचा फ्लश ड्रॉ, म्हणजे अजून पुरा न झालेला फ्लश, मात्र रोजचा पाहुणा आहे. स्टड शिकणाऱ्याने आधी इथे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

स्टडची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. टेबलावर जास्तीत जास्त आठ जण. प्रत्येकजण आधी अँटी भरतो, म्हणजे आपला बूट. मग दोन पालथी पानं आणि एक उताणं. या फेरीला थर्ड स्ट्रीट म्हणतात आणि त्या उताण्या पानाला डोअर कार्ड. पुढची तीन पानं एकेक करून उताणी येतात, सातवं पालथं. सातांतली उत्तम पाच पानं धरायची. ज्याचं डोअर कार्ड सगळ्यांत लहान, त्याने सुरुवातीची सक्तीची छोटी रक्कम टाकायची. तिला ब्रिंग-इन म्हणतात. दोघांची पानं सारख्या आकड्याची असली तर कॅसिनोत रंग बघतात: किलवर सगळ्यांत खाली, मग चौकट, बदाम, आणि वर इस्पिक. लिमिट खेळात, म्हणजे जिथे बेटची रक्कम आधीच ठरलेली असते तिथे, पहिल्या दोन फेऱ्यांना लहान बेट, पाचव्या पानापासून दुप्पट.

हा खेळ अमेरिकेचा. २००३ नंतर टेक्सस होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकाराची लाट आली, तोपर्यंत तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कार्डरूममध्ये स्टड रोजचा होता. आज तो मुख्यतः हॉर्स या मिश्र खेळात भेटतो, त्या नावातला ‘एस’ म्हणजे हाच. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना अटलांटिक सिटी गाडीने दीड-दोन तासांवर. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत पोकर म्हणजे बहुतेक वेळा होल्डेमच. होल्डेमवरून इकडे येणाऱ्याची एक सवय घात करते: तिथे बाकीच्यांची पानं दिसत नाहीत, म्हणून माणूस स्वतःच्या दोन पानांकडे बघून निर्णय घेतो. स्टडमध्ये आठ जणांच्या टेबलावर पहिली चिप टाकण्याआधीच सात परकी पानं उघडी असतात. आपल्या किलवरांची किंमत त्या सात पानांत लिहिलेली असते.

ती वाचायची कशी, ते आकड्यांत सांगतो. बाकी काहीच माहीत नसेल तर तीन किलवरांवरून सातव्या पानापर्यंत फ्लश लागण्याची शक्यता १८ टक्के. ही झाली सरासरी. आता सात उघडी पानं बघा. त्यांत एकही किलवर नसेल तर न दिसलेल्या ४२ पानांत सगळे दहा किलवर आहेत, आणि शक्यता २३.६ टक्क्यांवर जाते. एक किलवर बाहेर असेल तर १९.६. दोन असतील तर १५.८. तीन असतील तर १२.३. चार असतील तर ९.१. हातातली पानं तीच, पण एका टेबलावर चारांत एकदा लागणारा फ्लश दुसऱ्या टेबलावर अकरांत एकदा लागतो. समोर शून्य किंवा एक किलवर दिसण्याची वेळ ५६ टक्के, दोन दिसण्याची ३० टक्के, तीन किंवा जास्त दिसण्याची १४ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा रंग जिवंतच असतो. ‘जिवंत’ हा स्टडवाल्यांचा खास शब्द. हवी ती पानं अजून गड्डीत असण्याची आशा असली की पान जिवंत, समोर पडून गेली की मेलेलं.

नियम सोपा ठेवावा. हलक्या पानांचा ड्रॉ असेल तर बाहेर शून्य किंवा एक: खेळण्याचा विचार करा. दोन: स्वस्तात मिळालं आणि माणसं बरीच असली तरच. तीन: पॅक, विचारही नको. एक्का-राजा असलेल्या तीन किलवरांना दोन बाहेर असतानाही चालवून घेता येतं. हलक्यांना ती सूट का नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

लोकांना वाटतं, फ्लश तो फ्लश, मग दुर्रीचा काय आणि एक्क्याचा काय. दोन फ्लश भिडले तरच फरक पडतो, आणि असं कितीदा होतं? भिडणं ही अडचण खरी आहे, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली अडचण जोड्यांची. तुमच्याकडे एक्का, राजा आणि चौकी किलवरची आहे आणि समोरच्याकडे राणीची जोडी. फ्लश लागला नाही तरी एक्का किंवा राजा पडला की तुम्ही पुढे. अशी सहा पानं मदतीला उभी असतात. दुर्री, छक्की, अठ्ठीला तो आधार नाही. छक्की पडून जोडी झाली तरी राणीच्या जोडीखालीच राहते, वर मोह मात्र वाढतो. छक्कीची जोडी आणि तीन किलवर घेऊन पाचव्या, सहाव्या पानापर्यंत पैसे भरत जाणारे खूप असतात. सगळी मदार एका रंगावर असेल तर त्या रंगातलं एकेक हरवलेलं पान जास्त टोचतं. म्हणून हिशेब कडक.

भिडण्याच्या बाबतीत उलट थोडं समाधान आहे. सुरुवात हलकी म्हणून शेवटही हलका होतो असं नाही. उरलेल्या दहा किलवरांतले नेमके दोन आले असं धरा. दोन्ही गुलाम किंवा त्याहून लहान असण्याची शक्यता ४७ टक्के. उरलेल्या ५३ टक्के वेळा फ्लशच्या डोक्यावर राणी, राजा किंवा एक्का असतो. पाचांत एकदा तर एक्काच. पण त्यातून एक बारीक गोष्ट निघते. समोर उघडा पडलेला किलवर पंजी आहे की एक्का, याने फरक पडतो. एक्का गेला तर एक किलवर कमी झालाच, शिवाय तुमचा फ्लश मोठा होण्याची वाटही गेली. ज्याच्या हातात तो एक्का आहे त्याच्या पालथ्या पानांत आणखी किलवर असतील तर तुम्ही त्याच्या सावलीत खेळता आहात. किलवर मोजताना ‘एक गेला’ एवढंच न म्हणता ‘एक्का गेला’ असं म्हणावं.

पाच-सहा-सात अशी लागोपाठची एकरंगी पानं मात्र या हलक्यांच्या पंगतीत बसवू नका. तिथे सिक्वेन्सचाही रस्ता उघडा असतो आणि त्यांची किंमत बरीच जास्त. दुर्री-छक्की-अठ्ठीत ती जोड जवळपास नाहीच. जाता जाता, तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो आणि पोकरमध्ये फ्लश सिक्वेन्सला, याचा गोंधळ नव्या खेळाडूचा हमखास होतो. कारण मोजदादीत आहे. तीन पानांत शुद्ध सिक्वेन्स वगळता कलर १,०९६ प्रकारे होतो आणि साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत एका रंगाची पाच जमवणं जास्त अवघड, म्हणून क्रम उलटतो.

आता किंमत. हिशेबासाठी असं टेबल धरू: अँटी १, ब्रिंग-इन ३, लहान बेट १०, मोठी २०. आठ जणांच्या अँटी मिळून ८. सातवं पान बघेपर्यंत रेझ न होता (कोणी बेट न वाढवता) सरळ कॉल करत (समोरच्याच्या बेटेएवढेच भरत) गेलं तरी १०, १०, २०, २० असे ६० जातात. थर्ड स्ट्रीटवरचा दहाचा कॉल म्हणजे या साठांच्या दाराची कडी.

किलवर दुर्री डोअर कार्ड असेल तर एक गोष्ट ठरलेली आहे: ब्रिंग-इन तुमचंच. अख्ख्या गड्डीत तिच्याहून खालचं पान नाही. तीन चिप्स सक्तीने गेल्या, पण तेच वरदानही ठरतं. कोणी दहापर्यंत वाढवलं नाही आणि दोघा-तिघांनी नुसते तीन टाकले, तर चौथं पान तुम्हाला फुकट. राजा दाखवणाऱ्याने दहा केले आणि एकजण आत आला, तर पॉटमध्ये ३१ आणि तुम्हाला टाकायचे ७. हा भाव साडेचारास एकच्या जवळ, रंग जिवंत असेल तर घ्यावा. तीच तीन पानं, पण छक्की-दुर्री पालथी आणि अठ्ठी उताणी असली तर चित्र बदलतं. राजाने दहा केले, बाकी सगळे गेले, पॉटमध्ये २१, तुम्हाला पूर्ण दहा. दोनास एकचा भाव. समोर एकटा माणूस, त्याच्याकडे बहुधा राजाची जोडी, आणि फ्लश लागला तरी पैसे देणारा तो एकटाच. इथे पॅक करणं हाच चांगला खेळ. राजाला दोघांनी कॉल केलं असेल तर पॉट ४१ होतो, भाव चारास एक, आणि फ्लश लागल्यावर पैसे देणारे तिघे असतात. मग एकही किलवर बाहेर नसताना हात खेळण्याजोगा होतो.

याच कारणाने हलका फ्लश ड्रॉ घेऊन थर्ड स्ट्रीटवर रेझ करणं चूक ठरतं. रेझने माणसं पळतात, आणि तुम्हाला तर माणसं हवीत. एक्का डोअर कार्ड असलेला ड्रॉ रेझ करून अँटी उचलू शकतो, कारण समोरच्यांना एक्क्याची जोडी दिसते. अठ्ठी बघून कोणी घाबरत नाही.

बसायची जागाही बघा. चौथ्या पानापासून ज्याची उघडी पानं मोठी तो आधी बोलतो. राजा किंवा एक्का दाखवणारा बहुतेक फेऱ्यांत पहिला असतो. तो तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्याची बेट पूर्ण टेबल फिरून शेवटी तुमच्याकडे येते, कितीजण आत आले ते कळून चुकलेलं असतं. तो उजव्या हाताला असेल तर त्याच्यानंतर लगेच तुम्ही, आणि मागे सहा जण न बोललेले. कोणी रेझ केला तर दुप्पट भरावे लागणार, कोणीच आलं नाही तर भाव कोसळणार. एकच किलवर बाहेर असतानाही या दुसऱ्या जागेवर मी पॅककडेच झुकेन.

खरा निर्णय चौथ्या पानावर होतो. एक किलवर बाहेर असताना चौथा किलवर पडण्याची शक्यता ४२ पैकी ९, म्हणजे २१ टक्के. पाचांतल्या जवळपास चार वेळा तो पडणार नाही. नाही पडला तर काय, हे थर्ड स्ट्रीटवर दहा टाकतानाच मनाशी ठरवलेलं असावं. समोरची उघडी पानं न धरता केलेलं सरासरीचं गणित सांगतं की तीन पानांवर १८ टक्के असलेली आशा चौथं पान चुकल्यावर १०.६ टक्क्यांवर येते. पाचवंही चुकलं तर ४.२. पहिल्याच चुकीला जवळजवळ अर्धी आशा जाते आणि पॉट मात्र वाढलेला दिसतो. अडकायला होतं ते इथेच. वरच्याच उदाहरणात चौघे आत आहेत, पॉट ५१. तुमच्यावर चौकट नव्वी पडली. राजाने दहा लावले, एकाने कॉल केलं. पॉटमध्ये ७१, तुम्हाला दहा. सातास एक, स्वस्त वाटतं. पण १०.६ टक्के म्हणजे साडेआठास एकच्या आसपास, आणि पुढे वीस-वीसच्या दोन फेऱ्या उभ्याच आहेत. पॅक. कोणीच बेट लावली नाही तर अर्थात फुकट पान घ्यायचं. आणि समोर बेट असताना राहायचं असेल तर एकच सबळ कारण: पडलेलं पान परक्या रंगाचा पण जिवंत एक्का असावा, समोरच्यांकडे एक्का नसावा, आणि पॉट भरलेला असावा. तरीही मोह आवरलेला बरा.

चौथा किलवर पडला की सगळं पालटतं. आता तीन पानांत एक किलवर हवा, शक्यता ४७ टक्के. समोर तिघे असतील तर प्रत्येक बेटेत तुमचा वाटा चौथा आणि लागण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ. म्हणून इथे रेझ करायचा, पण माणसं न घालवता. बेट लावणारा डावीकडे असेल आणि बाकीच्यांनी आधीच कॉल केलं असेल तर रेझ उत्तम. सगळ्यांचे दहा आत आहेत, आणखी दहांसाठी फारसं कोणी जात नाही. तो उजवीकडे असेल तर नुसता कॉल करा, नाहीतर मागच्यांना दुप्पट किंमत दाखवून तुम्हीच हाकलून द्याल. एकट्याविरुद्धही कॉलच.

चार किलवर हातात असतानाही थांबायला लावणारी एक खूण आहे: समोरच्याच्या डोअर कार्डची जोडी उघड्यावर होणं. ज्याने राजावर रेझ केला त्याच्यावर आता दुसरा राजा पडला, तर त्याच्याकडे तीन राजे असण्याची भीती खरी धरा. उघडी जोडी दिसली की चौथ्याच पानावर मोठी बेट, वीस, लावायची मुभा असते, आणि ती लागतेच. चौथ्या पानाला तीन राजे असलेल्या माणसाचं सातव्यापर्यंत फुल हाउस (एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं) किंवा चार राजे होण्याची शक्यता ३९ टक्के, आणि दोन्ही फ्लशला मारतात. म्हणजे तुमचा फ्लश ४७ टक्के लागणार आणि त्यातला साधारण ६१ टक्केच टिकणार. हातात उरले २९ टक्के. चौथ्या किलवराचा आनंद ताजा असताना हा गुणाकार करायला मन तयार नसतं, पण करायलाच हवा. दोघांतच सामना असेल तर हात सोडावा. तिसरा-चौथा माणूस पैसे भरत असेल तर राहता येतं, पण रेझ नको.

हे सगळं गेलेली पानं लक्षात राहण्यावर अवलंबून आहे. पॅक केलेली पानं डीलर उचलून घेतो आणि ती पुन्हा दिसत नाहीत. सातही पानं पाठ करायचा प्रयत्न केला तर चौथ्या फेरीपर्यंत सगळीच विसरतात. त्यापेक्षा आपल्याला लागतील तेवढीच धरा. पानं वाटून होताच, कोणी बोलायच्या आत, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवा आणि मनात एकच वाक्य करा: ‘किलवर एक, दश्शी; राजे एक; अठ्ठी एक.’ आपला रंग, समोरच्या मोठ्या पानाचे भाऊ, आपल्या जोड्यांची पानं. नवीन उघडं पान पडलं की वाक्य पहिल्यापासून म्हणा, नुसती भर घालू नका. ‘किलवर दोन, दश्शी आणि तिर्री, राजे दोन, अठ्ठी एक.’ समोरच्याचे दोन राजे दुसऱ्यांच्या पानांत मेले असतील तर त्याची जोडी तिथेच अडकते आणि तुमच्या हलक्या ड्रॉची किंमत वाढते, तेही या वाक्यातूनच कळतं.

सराव घरी एका गड्डीवर होतो, पैशांची गरज नाही. किलवर दुर्री, छक्की, अठ्ठी बाजूला काढा. उरलेली ४९ पानं पिसा. सात पानं उताणी मांडा, पाच सेकंद बघा, वाक्य म्हणा, मग ती झाका. कागदावर दोन रकाने करा: शून्य किंवा एक किलवर दिसला तो डावा, दोन किंवा अधिक दिसले तो उजवा. आता स्वतःला एक पान वाटा. किलवर नसेल तर त्या रकान्यात फुली मारून थांबा. असेल तर उरलेली तीन पानं वाटा, फ्लश झाला तर वर्तुळ, नाही झाला तर फुली. शेवटी झाकलेली सात पानं उघडून वाक्य बरोबर होतं का ते बघा, चुकलं असेल तर त्या खुणेशेजारी टिंब द्या. पन्नास डावांना अर्धा-पाऊण तास लागतो. आधी टिंबं मोजा, मग वर्तुळं.